सढळ हस्ते, यथाशक्ती, एकमताने

देणगीचं पत्र कोणासाठी लिहायचं? नवख्या संस्थांना वाटतं, देणगीदारासाठी. ही समजूत आजच सोडा. चाटी गल्लीतला कापडवाला, सात रस्त्यावरचे डॉक्टर, जुळे सोलापुरातल्या निवृत्त शिक्षिका ही मंडळी तुमच्या बैठकीला येत नाहीत, ठरावावर सही करत नाहीत, आणि मसुद्यात आपलं नाव चौथ्या क्रमांकावर गेलं म्हणून रुसतही नाहीत. रुसतात ते कार्यकारिणीचे सदस्य. तेव्हा पत्र त्यांच्यासाठी लिहावं. अकरा जणांनी मान डोलावली की पत्र यशस्वी. पुढे पैसे येतात की नाही, हा टपालखात्याचा प्रश्न आहे.

एवढं पटलं असेल तर लेटरहेड काढा. ए-फोर कागद 29.7 सेंटिमीटर उंच असतो. त्यातले वरचे नऊ-दहा सेंटिमीटर संस्थेचे. अगदी वर श्री सिद्धेश्वर प्रसन्न, त्याखाली बोधचिन्ह (पणती, ओंजळ आणि उगवता सूर्य, तिन्ही एकातच), मग संस्थेचं नाव, मग 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा क्रमांक आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा क्रमांक. डाव्या पट्टीत संस्थापक, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि तीन सल्लागार. कार्याध्यक्ष नेमकं कोणतं कार्य करतात हे आजवर कुणी विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. संस्थापक वारले असतील तर नावाआधी 'कै.' टाका. त्यांचा मोबाइल नंबर मात्र तसाच राहू द्या, लेटरहेड पुन्हा छापायचं म्हणजे खर्च येतो.

उरलेल्या जागेत मजकूर कोंबायला अक्षर नऊ पॉइंटांवर आणावं लागेल. पत्र वाचून चेक लिहिणारे बरेचसे लोक साठीच्या आसपासचे असतात. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं, त्यामुळे 12 पॉइंटांच्या खाली त्यांना नुसती मुंग्यांची रांग दिसते, 14 ला जरा बरं वाचता येतं. पण 14 पॉइंट ठेवले तर मजकूर निम्मा करावा लागेल, आणि नेमका कुणाचा निम्मा काढणार?

मायना 'मा. महोदय/महोदया' असा. यातली तिरकी रेघ मोलाची आहे. तुम्ही बाई आहात की बुवा हे आम्हाला ठाऊक नाही आणि बघायची गरजही वाटली नाही, एवढा मजकूर त्या एका रेघेत मावतो. काही संस्था नावानिशी पत्र पाठवतात, त्यांच्यासाठीही सोय आहे. देणगीदारांची यादी खजिनदारांच्या कपाटात 2009 सालच्या डायरीत असते, तीच टाइप करून घ्या. सोलापुरात आडनावं तीन-चार भाषांतून येतात, त्यामुळे इथे फार वाव आहे. पूर्वभागातल्या येमूल अण्णांना 'ये मूल' असं दोन शब्दांत छापा. कन्नड आडनावातला जोडाक्षराचा एक टवका उडवा. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, तो तिथेच बसू द्या. यादीतले जे गेले त्यांनाही पत्र जायला हवं. मुलाने मागच्याच वर्षी वडिलांच्या स्मरणार्थ पाच हजार दिले असतील, तर 'आपण सहकुटुंब क्षेमकुशल असाल' हे त्याच वडिलांच्या नावाचं पत्र त्याला फार दिवस आठवेल.

पहिला परिच्छेद सोलापूरचा. सिद्धरामेश्वरांची पुण्यभूमी, अडुसष्ट लिंगं, 1930 चा मार्शल लॉ, 12 जानेवारी 1931 ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे, चीनमध्ये सेवा करताना देह ठेवलेले डॉ. कोटणीस. हे सगळं खरं आहे, मोठं आहे आणि वाचणाऱ्याला तोंडपाठ आहे. शाळेत असताना तो त्या चार पुतळ्यांपुढे रांगेत उभा राहिलेला आहे. त्यांच्या बलिदानाचा आणि तुमच्या वसतिगृहाच्या गळक्या छताचा संबंध त्याचा त्याने लावावा. दुसरा परिच्छेद संस्थेच्या इतिहासाचा: 'लावलेल्या इवल्याशा रोपट्याचे आज वटवृक्षात रूपांतर झाले असून यंदाचे हे रौप्यमहोत्सवी वर्ष आहे.' रौप्यमहोत्सव ध्यानात ठेवा, तो पुढे लागेल. 'रोपटे' आणि 'वटवृक्ष' या दोन शब्दांशिवाय महाराष्ट्रातल्या एकाही संस्थेला आपला इतिहास सांगता आल्याचं ऐकिवात नाही.

तिसऱ्या परिच्छेदात लाभार्थी. 2007 साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी काही लोकांना आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचायला दिली, काहींना लाखो भुकेल्यांचे आकडे दिले, आणि काहींना दोन्ही एकत्र. रोकिया एकटी होती तेव्हा लोकांनी सर्वांत जास्त पैसे दिले. तिच्या शेजारी आकडे येऊन बसताच हात आखडला. यावरून तुम्ही घ्यायचा बोध उघड आहे: आकडेच द्या. 'तळागाळातील वंचित, उपेक्षित, दुर्बल घटकांतील हजारो लाभार्थी' असं लिहिलं की डोळ्यांपुढे कुणाचाही चेहरा येत नाही. ज्याला चेहरा नाही त्याला नकार देताना संकोचही वाटत नाही.

चुकूनसुद्धा असं काही लिहू नका: 'कुंभारीच्या घरकुलात एक मुलगी यंदा दहावीला आहे. आई विड्या वळते. संध्याकाळी सूप मांडीवर, पानं पायाशी, तंबाखूचा खकाणा सगळ्या खोलीत. मुलगी दारातल्या उजेडात बसून बीजगणित सोडवते. आमची अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी असते. तिथल्या एका मुलीच्या जागेला महिन्याला 600 रुपये खर्च येतो. अशा एका मुलीचा मार्चपर्यंतचा खर्च तुम्ही उचलाल का?' हे वाचून माणूस खिशात हात घालतो, हा एक धोका. शिवाय अख्ख्या मजकुरात अध्यक्षांचं नाव कुठेच नाही.

असं पत्र एखाद्या उत्साही कार्यकर्तीने लिहून आणलंच तर घाबरू नका, ते बैठकीत ठेवा. सहाची बैठक सव्वासातला सुरू होते. समजा मसुद्यात एवढंच आहे: 'पावसात मुलांच्या खोलीचं छत गळतं. दुरुस्तीला 40,000 रुपये लागतील. 20 जणांनी दोन-दोन हजार दिले तर जूनच्या आत काम होईल.' पहिले उपाध्यक्ष म्हणतील, 'गळतं' कशाला? संस्थेची अब्रू जाते. लिहा, छताचे नूतनीकरण प्रस्तावित आहे. खजिनदार म्हणतील, दोन हजार म्हटलं तर पाच हजार देणारा दोनच देईल की ओ, आकडा काढा. सचिव म्हणतील, चाळीस हजारही नको, उद्या पंचेचाळीस लागले तर वरचे आणायचे कुठून? सल्लागार निवृत्त प्राध्यापक असतात. त्यांना 'छत' हा शब्द ग्राम्य वाटतो. दुसरे उपाध्यक्ष तोवर चहा सांगतात आणि जाता जाता सुचवतात, 'जून' काढा, काम नाही झालं तर लोक विचारतील. शेवटी उरतं ते असं: 'संस्थेच्या वास्तूच्या ऊर्ध्वभागाच्या सक्षमीकरणाचा संकल्प असून या पवित्र कार्यास आपला हातभार लागावा ही नम्र विनंती.' हे एकमताने मंजूर होतं. काय गळतंय, किती लागतात आणि केव्हापर्यंत, या तीनच गोष्टी देणाऱ्याला हव्या होत्या. त्या तिन्ही एका बैठकीत निघाल्या, याला कार्यक्षमता म्हणतात.

रकमेचं तंत्र वेगळं सांगायला हवं. 'यथाशक्ती', 'सढळ हस्ते', 'फूल ना फुलाची पाकळी' यांपैकी दोन तरी वापरा, म्हणजे नवी पेठेतल्या दुकानदाराला 51 रुपये द्यावे की 51 हजार, हे कळायला वाव राहत नाही. ज्याला कळत नाही तो 'बघू' म्हणतो आणि पत्र गल्ल्याखाली सारतो. काही संस्था मागच्या वर्षी दिलेली रक्कम पाहून तीन आकडे सुचवतात: मागचा, त्याच्या दीडपट आणि त्याच्या दुप्पट. पाचशे दिलेल्याला 500, 750, 1,000. यासाठी मागच्या वर्षी कुणी किती दिलं हे माहीत असावं लागतं, म्हणून तुम्ही सगळ्यांना सारखंच पाठवा: 101 रुपये, 1,00,001 रुपये आणि 'संपूर्ण सभागृहास नाव'.

आयकराचा मजकूर भारदस्त हवा. 'देणगी 80जी अन्वये करमुक्त' एवढं ठोकून द्या. ते पूर्ण खरं नसतं, हीच त्यातली गंमत. सामान्य संस्थेला दिलेल्या रकमेच्या 50 टक्क्यांचीच वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. रोख दोन हजारांच्या वर दिले तर वजावट नाही. देणाऱ्याने नवी करप्रणाली घेतली असेल तर एक रुपयाचीही नाही. वस्तू दिली तरी नाही. आणि सोलापुरात वस्तू म्हणजे काय ते सांगायला नको. एखाद्या कारखानदाराने पन्नास चादरी दिल्या तर त्याला हार घाला, फोटो काढा, पावतीवर चादरींची अंदाजे किंमत टाका, आणि जुलैत त्याच्या सीएला ती पावती बाजूला ठेवू द्या. पॅन तर मागूच नका. देणगीदाराचं नाव, पॅन आणि रक्कम संस्थेने आयकर खात्याला ऑनलाइन कळवावी, मग 10बीई नावाचं प्रमाणपत्र निघावं, ते त्याच्या हाती पडावं, एवढी ही कटकट एका रकान्यापासून सुरू होते. उत्तरपत्रिकेत तो रकानाच ठेवला नाही की प्रश्न मिटला. उत्तरपत्रिका म्हणजे देणगीदाराने भरून परत पाठवायचा अर्धा कागद. तोही ठेवला नाही तर उत्तम.

क्यूआर कोड हवाच, हल्ली भाजीवालीकडेही असतो. तो दीड सेंटिमीटरचा करा, चकचकीत कागदावर छापा आणि बरोबर घडीवर येऊ द्या. स्कॅन झालाच तर पैसे खजिनदारांच्या घरच्या खात्यात जावेत, 'तात्पुरती सोय' म्हणून. संस्थेच्या खात्यात गेले तरी काळजी नको. यूपीआयने आलेल्या 1,500 रुपयांसोबत फक्त एक लांबलचक क्रमांक येतो. देणाऱ्याचा पत्ता नाही, पॅन नाही, हेतू नाही. 'पैसे पाठवल्यावर नाव आणि पॅन अमुक नंबरावर कळवा' ही एक ओळ क्यूआरखाली टाकली असती तर हे कोडं पडलं नसतं, पण त्या जागी शुभेच्छुकांची नावं आहेत. बँकेच्या तपशिलात आयएफएससी द्याल तेव्हा त्याचं पाचवं अक्षर पाहा. त्या अकरा अक्षरांत पाचवं कायम शून्य असतं. तुम्ही तिथे इंग्रजी ओ छापा. शून्य आणि ओ यांच्यातल्या फरकाने कितीतरी माणसांचं औदार्य वाचवलं आहे.

फोटो एकच, पण भरगच्च. चौदा पदाधिकारी, एक दप्तर, एक मूल. मुलाचा चेहरा दप्तरामागे गेला तरी चालेल, अध्यक्षांचा जाता कामा नये. चेहरा दिसत असेल तर खाली नाव, शाळा, गाव आणि 'अनाथ' असा शिक्का. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा तर लेटरहेडवरच्या तीन सल्लागारांपैकी एकानेही वाचलेला नाही, मग तुम्ही कशाला वाचता? नाव बदलून, पाठमोरा फोटो देऊन किंवा नुसती वहीची उघडी पानं दाखवूनही पत्र चालतं, असं ज्यांचा अनुभव आहे ते म्हणतात.

आता वजन. पाकिटातल्या पत्राला पहिल्या 20 ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागतं, पुढच्या प्रत्येक 20 ग्रॅमला आणखी पाच. 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद 4.7 ग्रॅम भरतो. दोन कागद, अर्ध्या पानाची उत्तरपत्रिका आणि साधं पाकीट मिळून सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांत काम. त्यात 130 जीएसएमचं रंगीत माहितीपत्रक टाका, त्याचे आठ ग्रॅम वाढले की काटा विशीच्या पुढे आणि प्रत्येक पाकीट दहा रुपयांचं. हजार पाकिटं म्हणजे नुसत्या टपालाचे पाच हजार जास्त, आणि माहितीपत्रकात पुन्हा तोच वटवृक्ष. तिकीट मात्र पाचचंच लावा. अपुऱ्या तिकिटाचं पत्र देणगीदाराच्या दारात दंड मागत येतं. देणगी मागण्याआधीच घेण्याचा याहून थेट मार्ग नाही.

वेळ साधणं ही कला आहे. दिवाळीच्या तोंडावर कारखानदार कामगारांच्या बोनसच्या गणितात असतो, तेव्हा पाठवा. शेतकऱ्यांना ऊस तुटून गेला पण बिल जमा झालं नाही अशा महिन्यात पाठवा. संक्रांतीच्या आठवड्यात पाठवलंत तर अख्खं शहर सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मागे आणि उरलेलं गड्ड्याच्या जत्रेत, पत्र दाराच्या फटीत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे 29 मार्च. देशातल्या तमाम संस्था त्या आठवड्यात मागतात, आणि तुमचं पाकीट 2 एप्रिलला पोचतं, म्हणजे वजावट पाहिजे असलेला माणूस पुढचं वर्षभर निवांत. पाठपुराव्याला माणूस पाठवायचा असेल तर पाणी सुटायच्या दिवशी पाठवा. चार-पाच दिवसांनी नळ आलेला असताना दारात 'वर्गणी?' विचारणाऱ्याला सोलापूरकर काय ऐकवतो, हे त्या कार्यकर्त्याला कळलं पाहिजे.

कंपन्यांनाही हेच पत्र जाऊ द्या. सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायचा खर्च, सांगणारं 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 लागू होतं ते 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना. तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ मागांचा शेड चालवणाऱ्या मालकांकडे 'आपल्या सीएसआर निधीतून' मागा. ते बिचारे घरात विचारतील, आपल्याकडे असं काही आहे काय. खऱ्या मोठ्या कंपनीकडे गेलात तर असा निधी घ्यायला लागणारी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी विचारतील, ती नसताना जा. अध्यक्षांच्या अमेरिकेतल्या भाच्याकडेही मागा, पण नागरिकत्व विचारू नका, नात्यात बरं दिसत नाही. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर त्याचा पैसा परकीय धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तोच भाचा एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालचा परकीय स्रोत होतो. मग नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. मामांच्या बचत खात्यात नव्हे.

पत्राच्या शेवटी ताजा कलम असतो. माणूस पाकीट फोडतो, आधी आपलं नाव बघतो, मग खाली सही कुणाची ते, आणि सहीखाली डोळा अडतो तो ता. क. वर. नेमकं मागणं, तारीख आणि फोन नंबर तिथे एकेका ओळीत लिहिणारे लोक आहेत. तुम्ही तिथे 'कार्यक्रमास अध्यक्ष महोदयांची प्रमुख उपस्थिती लाभणार आहे' असं टाका. कोणता कार्यक्रम, ते पत्रात कुठेच नसलं तरी हरकत नाही.

एवढं करूनही एखादा देणगी पाठवतो. असे हट्टी लोक सोलापुरात पुष्कळ आहेत. त्याला आवर घालायचा असेल तर पावती उशिरा द्या. दोन दिवसांत फोन करून 'अण्णा, तुमच्या पैशातून छताचे पत्रे आणले, गुरुवारी बसवतोय' असं सांगितलं तर तो पुढच्या वर्षीही देईल, शेजाऱ्यालाही सांगेल. जूनमध्ये कोरड्या खोलीचा एक फोटो पाठवला तर सोडायचाच नाही. म्हणून पावती पुस्तक सचिवांच्या घरी ठेवा, कार्बन संपलेला असू द्या, आणि त्याच्याशी पुढचा संपर्क थेट पुढच्या मागणीच्या पत्राने करा.

ते पत्र नव्याने लिहायचं कारण नाही. मागचीच फाइल उघडा, तिचं नाव 'फायनल फायनल 3' असेल, आणि फक्त तारीख बदला. रौप्यमहोत्सवी वर्ष काढायचं राहून जाईल. तिसऱ्या वर्षी एखादा सभासद विचारेल, पंचविसावं वर्ष अजून चालूच आहे काय ओ? तेव्हा खजिनदारांना कपाट उघडायला सांगा. तिथे जुन्या लेटरहेडचे सातशे कागद शिल्लक आहेत, वर सोनेरी शाईत 25 छापलेले. ते संपेपर्यंत रौप्यमहोत्सव चालू ठेवण्याचा ठराव मांडा, एकमताने मंजूर होईल.